दारूवर गांजा : दोन नशा एकत्र आल्या की शरीरात काय घडते?



मागच्या एका लग्नसराईतली गोष्ट. आमच्या शेजारच्या वस्तीत हळदीचा कार्यक्रम होता. नवरदेवाचा चुलतभाऊ, वय सव्वीस, रंगकाम करणारा, घरातला कमावता मुलगा. रात्री मित्रांबरोबर दीड क्वार्टर झाली. डीजे बंद झाल्यावर पोरं मागच्या गल्लीत गेली आणि तिथे चिलीम फिरली. दहा-पंधरा मिनिटांत त्याचा चेहरा पांढराफटक पडला, दरदरून घाम सुटला, पाय लटपटू लागले. मित्रांनी लिंबूपाणी पाजले, तोंडावर पाणी मारले आणि मंडपातल्या गादीवर उताणे झोपवले. "सकाळपर्यंत उतरेल," म्हणाले. पहाटे पाचला आमचे दार वाजले. आम्ही पोचलो तेव्हा अंग गार पडले होते. झोपेत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली.

त्याच्या आईने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "ताई, माझा पोरगा काही रोजचा पिणारा नव्हता. मग ह्यालाच कसं झालं?"

तेव्हा आम्ही तिचा हात धरून बसलो, उत्तर दिले नाही. पण उत्तर आहे, आणि ते प्रत्येक घरात माहीत असायला हवे. ह्या वेळचे आरोग्याचे पान त्यासाठीच.

हे थोड्या लोकांपुरते नाही

केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या सुमारे १६ कोटी भारतीयांनी आदल्या वर्षभरात दारू घेतली होती. भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख होते. दारूचे व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते. बाकीचे आपल्या घरात, आपल्या गल्लीतच असतात आणि त्यांना सांभाळते ती घरची बाई. म्हणून हा लेख पिणाऱ्यांइतकाच त्यांना सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.

आधी दोन्ही वेगवेगळे समजून घेऊ

दारू मेंदूचे काम मंद करते. सुरुवातीला बोलणे सैल होते, भीड चेपते, म्हणून वाटते की अंगात जोर आला. प्रत्यक्षात मेंदूचा लगाम सुटलेला असतो. आणखी पोटात गेली की तोल जातो, बोबडी वळते, मग झोप आणि मग बेशुद्धी. फारच जास्त झाली तर श्वास चालू ठेवणारे मेंदूतले केंद्रच मंदावते आणि श्वास थांबतो.

गांज्यातला मुख्य मादक घटक म्हणजे टीएचसी. धुरातून तो फुप्फुसात, तिथून रक्तात आणि काही मिनिटांतच मेंदूत पोचतो. वेळेचे भान सुटते, लक्ष टिकत नाही, आठवण अडखळते, काहींना विनाकारण भीती आणि संशय वाटतो. नाडी जोरात चालू लागते. निव्वळ गांज्याने धडधाकट मोठ्या माणसाचा श्वास थांबणे फार दुर्मीळ. ह्याच एका गोष्टीवरून "गांजा निरुपद्रवी, झाडपाल्याचाच तर आहे" असे पसरवले जाते. पण प्रश्न एकट्या गांज्याचा नाही, दारूच्या पाठीवर बसून आलेल्या गांज्याचा आहे.

एकत्र आल्यावर काय होते?

पहिली गोष्ट : दारू पोटात असताना गांजा ओढला तर रक्तात टीएचसी नेहमीपेक्षा जास्त चढते. प्रयोगांत रक्त तपासून हे मोजले गेले आहे. म्हणजे एरवी जितके झुरके माणूस सहन करतो, तितकेच झुरके दारूनंतर त्याला झेपत नाहीत.

दुसरी गोष्ट : दारूने रक्तवाहिन्या सैल होतात. गांज्याने नाडी पळते आणि उभे राहिल्यावर रक्तदाब पटकन खाली येऊ शकतो. दोन्ही मिळून डोक्याला रक्त कमी पडते. चेहरा पांढरा, घाम, गरगर, मळमळ आणि मग धाडकन पडणे. त्या मुलाचे हेच झाले होते. पडताना डोके पायरीवर किंवा गटाराच्या कडेवर आपटले की मेंदूत रक्तस्राव होतो, आणि "टाइट झालाय" म्हणून कोणी तिकडे बघतही नाही.

तिसरी गोष्ट उलटीची. पोटात जास्त झालेली दारू बाहेर फेकणे ही शरीराची संरक्षणाची रीत आहे. गांजा उलटीची भावना दाबू शकतो, म्हणजे जे बाहेर पडायला हवे ते आत राहू शकते. आणि उलटी झालीच, तर माणूस इतका गुंगीत असतो की कूस बदलत नाही, खोकत नाही. उताणे झोपलेल्याच्या घशातली उलटी सरळ श्वासनलिकेत उतरते. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. रोजचा पिणारा नसल्यामुळे तो वाचायला हवा होता असे नाही. सवय नसलेल्या शरीरावर दोन्ही नशा अधिक जोरात बसतात.

भांगेचा धोका आणखी वेगळा. ती पोटातून चढते, म्हणून अर्धा तास ते दोन तास लागतात. "काहीच होत नाही" म्हणून माणूस आणखी एक पेला घेतो, वर दारू घेतो आणि मग सगळे एकदम अंगावर येते. धुळवडीच्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात अशी माणसे येतात ती ह्यामुळे.

क्वार्टरचा हिशेब

वॉर्डात काम करताना आम्ही लोकांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवायचो. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आपले यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटते. म्हणजे एक क्वार्टर पूर्ण उतरायला सहा ते आठ तास लागतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम असते, म्हणून "बिअर म्हणजे दारू नव्हे" ही समजूत चुकीची.

आता रात्री अकरापर्यंत दोन क्वार्टर घेऊन सकाळी सातला रिक्षा काढणाऱ्याचा हिशेब तुम्हीच करा. डोळे उघडले म्हणजे दारू उतरली असे नाही. लिंबू, ताक, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, ह्यातल्या कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. सलाइन लावल्यानेही दारू उतरत नाही. उलट, वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या अंगात ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता असते. त्याला ते न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. गल्लीतल्या दवाखान्यात "एक बाटली लावा" असा आग्रह धरू नका, डॉक्टरांना पिण्याची सगळी माहिती द्या.

रस्ता, परांची आणि गटार

आपल्या वस्तीतली माणसे खुर्चीत बसून काम करत नाहीत. कोणी रिक्षा-टेम्पो चालवतो, कोणी परांचीवर चढून रंग देतो, कोणी सफाईचे काम करतो. ह्या कामांत एक क्षण चुकला की संपले.

वाहन चालवण्याबाबत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दारू प्यालेला माणूस वेगात आणि बेफिकीर चालवतो. फक्त गांजा घेतलेला बऱ्याचदा हळू चालवतो, कारण आपल्याला चढली आहे ह्याचे थोडे भान त्याला असते. तरीही समोर अचानक कोणी आले तर त्याचा ब्रेक उशिराच लागतो. दोन्ही एकत्र घेतले की हे उरलेसुरले भानही जाते. बेफिकिरी दारूची आणि उशीर गांज्याचा, असा तो मेळ असतो. कायद्यात रक्ताच्या १०० मिलीमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालवण्यालाही तेच कलम लागू होते.

सफाईचे काम करणारे आमचे भाऊ सांगतात, "ताई, प्यायल्याशिवाय तो वास सहनच होत नाही." हे आम्हाला कळते. घाणीत उतरायला लावणारी व्यवस्था आधी दारू हातात देते आणि नंतर त्यालाच बेवडा म्हणते. माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा मोडून कोणी उतरवतच असेल, तर नशेतल्या माणसाला विषारी वायूची पहिली चाहूल कळत नाही आणि बाहेर पडायचे दोन क्षणही हातचे जातात, हेही खरे आहे. लढा कामाच्या पद्धतीशी आहे. तो लढायला आपली माणसे जिवंत हवीत.

रोजची सवय झाली तर

दोन्ही नेहमी एकत्र घेणाऱ्याला एक सोडताना दुसरे ओढते. चार दिवस दारू बंद ठेवली, चिलीम हातात आली आणि परत दारू सुरू, असे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

काहींना संशय घेरतो. बायको कोणाशी बोलते, शेजारी माझ्याबद्दल कुजबुजतात, कानात आवाज येतात. ही करणी नाही, बाहेरचे काही नाही. गांज्याने अशी मनोविकाराची लक्षणे सुरू होऊ शकतात, आणि घराण्यात कोणाला मानसिक आजार असेल तर धोका जास्त. त्यात दारूची भर पडली की हात उगारला जातो. अशा माणसाला देवऋषीकडे नव्हे, सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या.

क्षयरोगाचे औषध चालू असेल तर दारू यकृतावर दुप्पट भार टाकते, आणि कावीळ होऊन औषध मध्येच थांबवावे लागते. बंद खोलीत तोंडातोंडी फिरणारी चिलीम हे क्षय पसरायला सोयीचे ठिकाण आहे, कारण खोकणारा आणि ओढणारे एकाच हवेत तासभर बसलेले असतात. झोपेची गोळी आणि दारू तर कधीच एकत्र नको, दोन्ही श्वास मंदावतात.

त्या वेळी नेमके काय करायचे?

हा भाग कापून घरात चिकटवला तरी चालेल.

१. हाक मारा, खांदा हलवा, चिमटा काढा. नीट उत्तर मिळाले नाही तर त्याला एकटे सोडू नका.

२. त्याला कुशीवर वळवा. वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा, वरचा हात गालाखाली ठेवा, तोंड किंचित खाली झुकलेले असू द्या. उलटी आली तर बाहेर पडेल. उताणे कधीही ठेवू नका.

३. छातीकडे बघून एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठा खंड, घोरल्यासारखा गुदमरता आवाज, निळसर ओठ, गार अंग, फिट, डोक्याला मार, किंवा हलवूनही जाग नाही, ह्यातले एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करा.

४. तोंडात काहीही घालू नका. लिंबूपाणी नाही, मीठपाणी नाही, कांदा नाही, घशात बोट घालून उलटी काढणे नाही.

५. काय घेतले, किती, केव्हा, हे डॉक्टरांना खरे सांगा. "फक्त दारू" म्हणून गांजा लपवला तर उपचार चुकतात.

६. शुद्धीत असून नुसती गरगर आणि घाबरेपणा असेल तर शांत जागी बसवा, धीर द्या, कोणीतरी सोबत राहा. चालायला, गाडीवर बसायला लावू नका. छातीत दुखत असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आणखी एक सूचना. पिऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी "डोळ्यांना धूसर दिसतंय, पोट फार दुखतंय" म्हणाला तर ती हँगओव्हर समजू नका. ते विषारी दारूचे, म्हणजे मिथेनॉलचे लक्षण असू शकते. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. "गांजा जास्त झाला असेल" म्हणून थांबलात तर डोळे जातील, जीवही जाईल.

पोलिसांची भीती

त्या रात्री मित्रांनी १०८ ला फोन का केला नाही? आम्ही नंतर विचारले. "पोलीस केस होईल म्हणून घाबरलो," म्हणाले. ही भीती खोटी नाही, आपल्या वस्तीचा अनुभवच तसा आहे. गांजा घेणे, बाळगणे हा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गुन्हा आहे, आणि दवाखान्यात अशा रुग्णाची कधी पोलिसांकडे नोंद होते. पण नोंद म्हणजे अटक नव्हे. बेशुद्ध माणसावर उपचार करणे हे डॉक्टरांचे पहिले काम आहे. त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त सरकारी केंद्रात उपचाराला गेला तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. केसमधून माणूस बाहेर येतो, मेलेला परत येत नाही.

सोडायचे आहे, पण एकदम नको

हे ऐकून कोणी आज रात्रीच बाटली फेकेल. हेतू चांगला, पण रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केले तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी हात थरथरणे, घाम, ताप, भिंतीवर किडे दिसणे असा भ्रम होऊ शकतो. तो जिवावर बेततो. "दारू सोडली, आता फक्त गांजा ओढतो" असे सांगणाऱ्यालाही गांजा ह्या फिटपासून वाचवत नाही. म्हणून रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे, साधारण आठवडाभराची औषधे पुरतात. गांजा सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणे, भूक मरणे हे पहिल्या आठवड्यात जास्त आणि पंधरा दिवसांत बरेच कमी होते. त्या दिवसांत घरच्यांनी टोमणे मारू नयेत.

बहिणींनो, तुम्हाला एक कळकळीची विनंती. नवऱ्याच्या भाजीत गुपचूप "दारू सोडवायची पावडर" घालू नका. त्यात डायसल्फिरम असेल आणि तो वरून प्यायला तर रक्तदाब कोसळून मरूही शकतो. हे औषध फक्त त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आणि त्याचे पिणे हा तुमचा दोष नाही. मार सहन करू नका. ११२ किंवा १८१ ला फोन करा.

मदतीसाठी : नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही मोफत. जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांना पैसे लागत नाहीत आणि तिथे नाव-जात कोणी विचारत नाही.

शेवटी घरचे बोलणे

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. काही तरुण आम्हाला म्हणतात, "ताई, त्यात गांजा कुठे लिहिलाय?" त्यांनी विहारात रोज म्हणतो ते पाचवे शील आठवावे. ते बेसावधपणा आणणाऱ्या प्रत्येक नशेबद्दल आहे. वॉर्डात आम्ही पाहिले की माणूस बहुधा नशेने नाही, नशेतल्या बेसावधपणाने मरतो. त्याचा स्वतःचा आणि सोबतच्यांचाही.

पण जो पितो तो आपल्यातून वजा झाला असे समजू नका. त्याला विहाराच्या पायरीवरून हाकलून देऊन कोणाचीही दारू सुटलेली नाही. जयंतीच्या मिरवणुकीत पाणपोई लावणाऱ्या मंडळांनी ह्या वर्षी एवढेच करावे : कुशीवर वळवणे आणि श्वास मोजणे शिकलेली दोन मुले आणि दोन मुली तिथे उभ्या ठेवाव्यात. शिकवायला अर्धा तास लागतो. बोलवा, आम्ही येऊ.

त्या रात्री मंडपात पन्नास माणसे होती. त्यातल्या एकाला जरी त्याला कुशीवर वळवायचे माहीत असते, तर कदाचित तो पोरगा आज परांचीवर रंग देत असता.

जयभीम! नमो बुद्धाय!